ताश्कंदमध्ये सात रात्री, एकच खोली : आखणी कशी करावी

उझबेकिस्तानच्या तयार सहलींच्या पत्रकात ताश्कंदच्या वाट्याला बहुधा दीड दिवस येतो. पहाटे विमानतळावर उतरायचे, बसमधून एक चौक, एक मशीद आणि एक बाजार पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी समरकंदची गाडी पकडायची, असा तो कार्यक्रम असतो. समरकंद, बुखारा आणि खिवा ही शहरे थोर आहेत यात वाद नाही. परंतु सात दिवसांत चार शहरे उरकणाऱ्या प्रवाशाचा निम्मा वेळ बॅगा भरण्यात आणि स्थानकांवर ताटकळण्यात जातो, हे एकदा अनुभवल्यानंतर मी वेगळ्या बेताचा पुरस्कार करू लागलो. सातही रात्री ताश्कंदमध्ये एकाच खोलीत राहावे, समरकंदला पहाटेच्या गाडीने जाऊन रात्री परतावे, एक दिवस डोंगराला द्यावा आणि उरलेले दिवस राजधानीसाठी ठेवावेत. पुढील मजकूर त्याच बेताची पायरीपायरीने केलेली मांडणी आहे.

वळणावळणावर निळे घुमट दिसतील, अशा अपेक्षेने मात्र ताश्कंदला जाऊ नये. २६ एप्रिल १९६६ रोजी पहाटे ५ वाजून २३ मिनिटांनी शहराच्या थेट पोटाखाली भूकंप झाला. त्याची तीव्रता पाचच्या किंचित वर होती, पण केंद्र फारच उथळ असल्यामुळे कच्च्या विटांची जुनी वस्ती कोसळली आणि सुमारे तीन लाख माणसे बेघर झाली. सोव्हिएत संघाच्या सर्व प्रजासत्ताकांतून आलेल्या मजुरांनी आणि वास्तुविशारदांनी शहर नव्याने उभारले. रुंद रस्ते, दुतर्फा चिनार, कारंजी आणि काँक्रीटच्या इमारतींच्या दर्शनी भागावर भौमितिक नक्षी, असे आजचे रूप त्यातून आले. म्हणजे हे मुख्यतः विसाव्या शतकातले शहर आहे, ज्याच्या पोटात जुन्या शहराचे काही तुकडे शिल्लक आहेत. ते तसे समजून पाहिले, तरच त्याची गोडी कळते.

कधी जावे

एप्रिलचा पहिला आठवडा ते मेचा मध्य आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरअखेर हे दोन काळ उत्तम. २५ जून ते ५ ऑगस्ट या चाळीस दिवसांना तिथे ‘चिल्ला’ म्हणतात. त्या दिवसांत पारा चाळीसच्या पुढे जातो आणि दुपारी बाहेर पडणे शिक्षाच ठरते. हिवाळ्यात तापमान शून्याखाली उतरते, बर्फ पडतो आणि शहरावर धूर साचून राहतो. आपल्याकडच्या शाळांच्या सुट्ट्यांचा विचार करता वार्षिक परीक्षा संपताच निघणे किंवा दिवाळी लवकर असलेल्या वर्षी ऑक्टोबरात जाणे सोयीचे पडते. फळांच्या दृष्टीनेही हे लक्षात घ्यावे : मे महिन्यात चेरी आणि तुती, ऑगस्ट-सप्टेंबरात खरबुजे आणि द्राक्षे, तर ऑक्टोबरात डाळिंबे बाजारात येतात. मला विचाराल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध, आणि तोही केवळ खरबुजांसाठी.

कागदपत्रे

भारतीय पासपोर्टधारकांना उझबेकिस्तानसाठी ई-व्हिसा मिळतो. अर्ज त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच करावा, कारण शोधयंत्रात वर दिसणारी अनेक पाने दलालांची असतात आणि २० डॉलरच्या एकेरी प्रवेशाच्या व्हिसासाठी दुप्पट-तिप्पट रक्कम घेतात. पासपोर्टच्या पहिल्या पानाची स्पष्ट प्रत, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे छायाचित्र आणि पैसे भरण्यासाठी बँकेचे कार्ड एवढे पुरते. उत्तर साधारणतः तीन कामकाजाच्या दिवसांत येते, तरीही दोन-तीन आठवडे हाताशी ठेवावेत. वास्तव्याची मुदत ३० दिवसांची असते. मराठी नावांच्या बाबतीत एक खबरदारी आवश्यक आहे : आपल्या पासपोर्टावर वडिलांचे किंवा पतीचे नाव बहुधा स्वतःच्या नावाला जोडूनच छापलेले असते, त्यामुळे अर्जात फक्त नाव आणि आडनाव लिहिल्यास दोन कागदांवरची नावे जुळत नाहीत. पासपोर्टाच्या तळाशी यंत्राने वाचण्याच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत जसे नाव आहे तसेच अर्जात भरावे. ब्रिटनचा पासपोर्ट असलेल्या आपल्या नातलगांना मात्र ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, त्यामुळे कुटुंब दोन देशांतून येऊन तिथे भेटणार असेल, तर कागदांची धावपळ फक्त भारतातून निघणाऱ्यांच्याच वाट्याला येते.

औषधांबाबत निष्काळजीपणा करू नये. कोडीन, ट्रॅमाडॉल आणि झोपेच्या किंवा चिंतेवरच्या काही गोळ्या, ज्या आपल्याकडे घरच्या डब्यात सहज पडलेल्या असतात, त्यांच्यावर तिथे कडक निर्बंध आहेत. खोकल्याचे औषध घेण्यापूर्वी त्यातले घटक वाचावेत, आवश्यक गोळ्या मूळ वेष्टनात ठेवाव्यात आणि सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी असावी. ड्रोन घरीच ठेवावा.

विमान आणि पहिला तास

दिल्लीहून ताश्कंद थेट विमानाने सुमारे तीन तासांवर आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केल्यानंतर इंडिगोने हा मार्ग थांबवला. उझबेकिस्तान एअरवेजला ती अडचण आली नाही. मुंबईहून त्या मोसमात थेट विमान आहे का, हे तिकीट काढण्यापूर्वी पाहावे आणि नसल्यास दिल्लीत बदल करताना किमान चार तासांचे अंतर ठेवावे. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अर्ध्या तासाने मागे असते, म्हणून पहिल्या दिवशी झोपेचे गणित बिघडत नाही.

विमानतळ शहरातच आहे. मध्यभाग सहा-सात किलोमीटरवर. दारातून बाहेर पडताच ‘टॅक्सी, टॅक्सी’ करीत मागे लागणाऱ्यांना नम्रपणे नकार द्यावा, आतच सिमकार्ड घ्यावे, फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेले यांडेक्स गो हे ॲप उघडावे आणि गाडी मागवावी. शहरातल्या बहुतेक फेऱ्या २० ते ४० हजार सोमांत होतात. हा आकडा ऐकून दचकू नये, कारण एका डॉलरला साधारण १२ हजार सोम मिळतात. आपला रुपया तिथे बदलून मिळणे कठीण, म्हणून डॉलर न्यावेत, आणि तेही कोऱ्या, न दुमडलेल्या, शाईचा डाग नसलेल्या नोटांचे. घडी पडलेली नोट बँकेचा माणूस काचेखालून परत सरकवतो. ‘व्हिसा’ आणि ‘मास्टरकार्ड’ ही बँकेची कार्डे एटीएममध्ये आणि मोठ्या दुकानांत चालतात, बाजारात मात्र रोख लागते. शंभर डॉलर बदलले की हातात दहा लाखांहून अधिक सोम येतात. पहिले दोन दिवस शून्ये मोजण्यात जातात. हजाराचा आकडा सोडून उरलेल्या संख्येला सातने गुणले की रुपयांचा ढोबळ अंदाज लागतो.

मुक्काम कुठे करावा

या आखणीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे आणि तो मेट्रोचा नकाशा समोर ठेवून घ्यावा. निळ्या मार्गिकेवर चोर्सू, अलिशेर नवोई, उझबेकिस्तान, कोस्मोनावत्लार, ओयबेक आणि ताश्कंद ही स्थानके येतात. यांपैकी कोस्मोनावत्लार किंवा ओयबेकच्या आसपास खोली घेतल्यास चोर्सूचा जुना बाजार एका टोकाला आणि समरकंदच्या गाडीचे रेल्वे स्थानक दुसऱ्या टोकाला, दोन्ही गाडी न बदलता गाठता येतात. नवोई स्थानकातून लाल मार्गिका आणि ओयबेकहून हिरवी मार्गिका मिळते. मध्यम प्रतीच्या हॉटेलात दोघांची खोली नाश्त्यासह साधारण ४० ते ६० डॉलरांत मिळते.

परदेशी पाहुण्यांची नोंदणी करणे यजमानावर बंधनकारक आहे. हॉटेल ती आपोआप करते, परंतु एखाद्याचा फ्लॅट भाड्याने घेतल्यास घरमालक नोंदणी करणार का, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. निघताना नोंदणीची चिठ्ठी मागून पासपोर्टात ठेवावी. ती कोणी पाहीलच असे नाही, पण पाहिली आणि नसली तर दंड होतो. तिथल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये आपली दोन गोल पिनांची चार्जर चालतात. तीन पिनांच्या इस्त्रीला किंवा किटलीला जोड लागतो. नळाचे पाणी पिऊ नये.

समरकंदचे तिकीट

अफ्रोसियोब ही वेगवान गाडी २०११ पासून धावते आणि समरकंदला सव्वादोन तासांच्या आत पोहोचवते. तिची तिकिटे हंगामात महिनाभर आधी संपतात, म्हणून विमानाचे तिकीट हाती येताच रेल्वेच्या अधिकृत ॲपवर लक्ष ठेवावे. सकाळची जाणारी आणि सायंकाळची येणारी अशी जोडी ज्या दिवशी मिळेल, तो दिवस आधी पक्का करावा आणि बाकीचा आठवडा त्याभोवती बसवावा. उलट क्रमाने आखणी केली की फसगत होते. शक्य असेल तर हा दिवस सोमवार धरावा, कारण ताश्कंदमधली बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात.

ताश्कंदमध्ये उत्तरेचे आणि दक्षिणेचे अशी दोन मोठी रेल्वे स्थानके आहेत. पहिल्या खेपेला मी ॲपमध्ये नुसते ‘ताश्कंद स्थानक’ शोधून जो पर्याय वर आला तो निवडला, आणि गाडी सुटायला पस्तीस मिनिटे उरलेली असताना दक्षिणेच्या स्थानकाबाहेर उभा राहिलो. टॅक्सीचालकाने माझे तिकीट पाहिले, कपाळाला हात लावला आणि एक शब्दही न बोलता गाडी वळवली. गाडी मिळाली, पण त्या सकाळचा चहा गेला. तिकिटावर ‘शिमोलीय’ म्हणजे उत्तर की ‘जानुबीय’ म्हणजे दक्षिण, हे आदल्या रात्री वाचून ठेवावे. उत्तरेचे स्थानक मेट्रोच्या ताश्कंद स्थानकाला लागून आहे. स्थानकात शिरताना पासपोर्ट आणि तिकीट दोन्ही पाहतात आणि सामान यंत्रातून जाते, त्यामुळे अर्धा-पाऊण तास आधी पोहोचावे.

खाण्याचा प्रश्न

मांसाहार करणाऱ्याला ताश्कंद म्हणजे मेजवानी आहे. शाकाहारी माणसाला मात्र तयारी करून जावे लागते. तिथे ‘सबजी’ मागितली तर गाजर मिळते, कारण उझबेक भाषेत सबजी म्हणजे गाजरच. भाज्यांना ‘सब्जावोत’ म्हणतात. ‘मेन गोश्त येमायमन’, म्हणजे मी मांस खात नाही, हे वाक्य पाठ करावे आणि कागदावरही लिहून घ्यावे. एवढ्याने काम पूर्ण होत नाही, कारण आचाऱ्याच्या मनात गोश्त म्हणजे मांसाचा तुकडा. रस्सा आणि चरबी तो त्यात मोजत नाही. भोपळ्याच्या समोशातही दुंब्या मेंढीच्या शेपटीची चरबी घातलेली असू शकते. गोमांस टाळणाऱ्यांनी ‘मोल गोश्ती’ हे शब्द लक्षात ठेवावेत : मोल म्हणजे गाय-बैल, कोय म्हणजे मेंढी, ओत म्हणजे घोडा आणि तोवुक म्हणजे कोंबडी. पुलावावर सॉसेजसारख्या ज्या गोल चकत्या ठेवतात, ती ‘काझी’ घोड्याच्या मांसाची असते.

मग शाकाहारी माणसाने काय खावे? सकाळी तंदूरमधून काढलेला गरम नान, त्यावर ‘कायमोक’ म्हणजे घट्ट साय आणि मध. ‘कतिक’ हे दही आणि ‘सुझमा’ हा आपला चक्काच; त्यात काकडी, मीठ आणि शेपू घालून खाल्ला की श्रीखंडाची आठवण न होता कोशिंबिरीची होते. टोमॅटो-कांद्याचे ‘अच्चिक-चुचुक’ सर्वत्र मिळते. बाजारातल्या कोरियन बायकांचे ठेले विसरू नयेत. स्टालिनच्या राजवटीत १९३७ साली सोव्हिएत संघाच्या अतिपूर्वेतून लाखाहून अधिक कोरियनांना सक्तीने मध्य आशियात हलवले गेले, आणि इथे कोबीची चणचण असल्याने त्यांनी गाजराचे लोणचे घालायला सुरुवात केली. धणे, लसूण आणि तिखट घातलेले ते ‘मोर्कोव्चा’ आपल्या तोंडाला लगेच रुचते. याखेरीज शहरात भारतीय उपाहारगृहे आहेत आणि कोर्झिंकासारख्या सुपरमार्केटांत फळे, पनीर, सुकामेवा सहज मिळतो. तरीही मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असावी.

पुलाव, म्हणजे तिथला ‘ओश’, हा दुपारचा पदार्थ आहे. दूरदर्शन मनोऱ्याजवळच्या पुलाव केंद्रात भल्याथोरल्या काझानांत, म्हणजे कढयांत, तो सकाळपासून शिजत असतो आणि दुपारी दोन-तीनपर्यंत संपतो. रात्री मिळणारा ओश सकाळचा उरलेला असतो असे समजावे. चहाच्या बाबतीत यजमान प्याला अर्धाच भरतो. हा कद्रूपणा नसून मान आहे, कारण त्यामुळे त्याला पुन्हा पुन्हा वाढता येते. नान उलटा ठेवू नये, आणि शक्यतो सुरीने कापू नये, हाताने तोडावा.

सात दिवसांची आखणी

पहिल्या दिवशी फारसे ठरवू नये. सायंकाळी अमीर तैमूर चौकात जावे, अश्वारूढ पुतळ्याभोवती एक फेरी मारावी आणि उघडलेल्या पुस्तकासारखी दिसणारी १९७४ ची हॉटेल उझबेकिस्तानची इमारत दिवे लागल्यावर पाहावी. १३९८ साली दिल्ली लुटणारा तैमूर आपल्या इतिहासात कसा येतो हे ठाऊक असलेल्या भारतीयाला हा चौक विचित्र वाटतो. त्याच जागी सोव्हिएत काळात कार्ल मार्क्स होते आणि स्वातंत्र्यानंतर देशाला स्वतःचा नायक हवा होता, एवढे लक्षात ठेवले की वाद घालण्याची इच्छा उरत नाही.

दुसरा दिवस जुन्या शहराचा. सकाळी आठला चोर्सू बाजार गाठावा. निळ्या-हिरव्या फरशांच्या प्रचंड घुमटाखाली खालच्या मजल्यावर मांस, मध्यभागी कोरियन लोणची आणि दही, वरच्या गोलाकार सज्ज्यात सुकामेवा अशी रचना आहे. मांस पाहणे नकोसे वाटत असेल तर थेट जिन्याने वर जावे आणि तिथून संपूर्ण बाजार खाली पसरलेला पाहावा. घुमटाच्या बाहेर नानबाई आहेत. त्यांच्याजवळ दहा मिनिटे थांबावे. कणकेच्या गोळ्याला थापून कडा फुगीर ठेवतात, मधोमध ‘चेकिच’ नावाचा लाकडी दट्ट्या दाबतात. त्याच्या तारांनी भोकांची फुले उमटतात आणि तेवढा भाग न फुगता चपटा राहतो. मग नानबाई पाण्याचा हात फिरवून नान तंदूरच्या आतल्या भिंतीला चिकटवतो, कोपरापर्यंत हात आत जातो, बाहेर येतो, आणि पुढचा गोळा तयारच असतो. नान घ्यावा, शेजारी ‘नवात’ म्हणजे पिवळसर खडीसाखर घ्यावी, आणि ‘कुरुत’ नावाच्या वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या चवीपुरत्याच घ्याव्यात. त्या फार खारट असतात. भाव विचारणे अपेक्षित आहे, पण सुकामेव्यावर निम्म्याने पाडून मागणे अपमानकारक ठरते. दहा-पंधरा टक्के उतरले की हसून पैसे द्यावेत.

बाजाराच्या वरच्या अंगाला सोळाव्या शतकातला कुकेल्दाश मदरसा आहे. तिथून वीस-पंचवीस मिनिटे मातीच्या भिंतींच्या गल्ल्यांतून चालत हजरती इमाम या मशिदी-मदरशांच्या परिसरात जावे. भूकंपातून वाचलेले जुने ताश्कंद या गल्ल्यांतच उरले आहे. या परिसराशी जोडलेली, चर्मपत्रावर कुफी या जुन्या अरबी लिपीत लिहिलेली कुराणाची प्रत जगातल्या अतिप्राचीन प्रतींपैकी आहे. रशियनांनी ती १८६९ मध्ये समरकंदहून सेंट पीटर्सबर्गला नेली आणि क्रांतीनंतर ती पुन्हा मध्य आशियात आली. स्त्रियांनी ओढणी जवळ ठेवावी, पुरुषांनी अर्धी विजार टाळावी.

तिसरा दिवस मेट्रोसाठी राखावा, आणि हे मी गमतीने म्हणत नाही. १९७७ साली सुरू झालेली ही मध्य आशियातली पहिली मेट्रो. तिची स्थानके भूकंप सोसतील अशी बांधली आहेत आणि २०१८ पर्यंत तिथे छायाचित्रे काढण्यास बंदी होती. भाडे आपल्या पंधरा-वीस रुपयांच्या आसपास; एकदा आत शिरल्यावर बाहेर न पडता हवी तितकी स्थानके पाहता येतात. गर्दी टाळण्यासाठी सकाळी साडेदहानंतर निघावे. अलिशेर नवोई स्थानकाच्या छतावर मशिदीतल्यासारखे घुमट आहेत, पाख्ताकोरच्या भिंतींवर कापसाच्या बोंडांचे मोझेक आहे. कोस्मोनावत्लार स्थानकात मात्र एखादी गाडी जाऊ द्यावी. भिंती खालपासून वरपर्यंत निळ्यातून काळ्याकडे झुकत जातात, पृथ्वीच्या वातावरणातून अवकाशात शिरावे तशा, आणि त्यांवर चिनी मातीच्या गोल चकत्यांत गागारिन, तेरेश्कोवा हे अंतराळवीर आणि समरकंदचा खगोलवेत्ता उलुग बेग यांची चित्रे आहेत. राकेश शर्मा सोव्हिएत यानातून अवकाशात गेले त्याच १९८४ साली हे स्थानक सुरू झाले.

सायंकाळी नवोई नाट्यगृहात ऑपेरा किंवा बॅले पाहावा. मॉस्कोतील लेनिनच्या समाधीचे वास्तुकार श्चुसेव यांनी आराखडा केलेल्या आणि १९४७ मध्ये खुल्या झालेल्या या इमारतीच्या बांधकामावर जपानी युद्धकैदी राबले होते. १९६६ च्या भूकंपात ती उभी राहिली. तिकिटे मुंबईतल्या नाटकापेक्षा महाग नसतात. उन्हाळ्यात प्रयोग बंद असतात, हे ध्यानात ठेवावे.

चौथा दिवस, तिकीट त्या दिवसाचे असल्यास, समरकंदचा. एका दिवसात गुर-ए-अमीर ही तैमूरची कबर, रेगिस्तान हा मदरशांचा चौक, बीबी खानम मशीद आणि शाह-ए-जिंदा ही कबरींची रांग हा क्रम ठेवावा आणि उलुग बेगची वेधशाळा शेवटी घ्यावी. जयपूरच्या सवाई जयसिंहांनी जंतर मंतर उभारताना ज्याच्या ग्रहकोष्टकांचा आधार घेतला, तो हाच. रेगिस्तानवर दोन तास द्यावेत. बाकी समरकंदविषयी लिहायला हा लेख पुरणार नाही.

पाचवा दिवस भारताशी जोडलेला. १० जानेवारी १९६६ रोजी सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांच्या मध्यस्थीने लालबहादूर शास्त्री आणि अयुब खान यांनी ताश्कंद करारावर सह्या केल्या आणि त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, शास्त्रीजींचे इथे निधन झाले. संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण त्या शिष्टमंडळात होते, त्यामुळे मराठी वाचकाला ही रात्र परकी नाही. शहरात शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आणि तिथे त्यांचा अर्धपुतळा आहे. मेट्रोऐवजी टॅक्सीने जाणे सोपे. त्यांच्याच नावाचे भारतीय सांस्कृतिक केंद्र योग, कथक आणि हिंदीचे वर्ग चालवते. त्यानंतर अन्होर कालव्याच्या परिसरातले भूकंपाचे स्मारक पाहावे : दुभंगलेला दगडी घन, त्यावर थांबलेले घड्याळ, आणि मागे स्त्री व मुलाला पाठीशी घालणारा पुरुष. शास्त्रीजींनी पाहिलेले ताश्कंद त्यांच्या मृत्यूनंतर साडेतीन महिन्यांत मोडून पडले, हे दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहिल्यावर प्रकर्षाने जाणवते. दुपारी इतिहास संग्रहालयात फयाज तेपा येथील कुशाणकालीन बुद्धमूर्ती पाहावी. दोन भिक्खूंच्या मधोमध बसलेला तो चुनखडीतला बुद्ध अफगाण सीमेजवळच्या तिर्मिझ परिसरात सापडला. संग्रहालयांची दालने नूतनीकरणासाठी अधूनमधून बंद असतात, म्हणून हॉटेलमधून फोन करवून घ्यावा.

सहाव्या दिवशी डोंगर. चिमगानचे डोंगर आणि चार्वाकचा जलाशय ऐंशी ते शंभर किलोमीटरवर आहेत. शनिवार-रविवारी सगळे ताश्कंद तिकडेच लोटते, त्यामुळे आठवड्यातला मधला दिवस निवडावा, दिवसभरासाठी गाडी ठरवावी आणि परतीची वेळ व थांबे आधी बोलून घ्यावेत. तिथल्या अमिरसोय या पर्यटनस्थळी केबलकारने वर गेल्यावर मे महिन्यातही माथ्यावर बर्फ दिसू शकते. अंगावर एक लोकरी कपडा असावा.

सातवा दिवस राहून गेलेल्या गोष्टींसाठी मोकळा ठेवावा. उपयोजित कला संग्रहालय एका रशियन मुत्सद्द्याच्या जुन्या वाड्यात आहे आणि तिथली रंगवलेली छते आतल्या वस्तूंपेक्षाही पाहण्याजोगी आहेत. खरेदी त्यानंतरच करावी, म्हणजे चांगली सुझनी भरतकामाची चादर आणि यंत्रावर केलेली नक्कल यांतला फरक डोळ्यांना कळू लागतो. उलट बाजूचे टाके पाहावेत. रिश्तानची निळी भांडी कपड्यांत गुंडाळून न्यावीत. जुने गालिचे, नाणी किंवा हस्तलिखिते दुकानदाराने कितीही आग्रह केला, तरी सरकारी प्रमाणपत्राशिवाय घेऊ नयेत, कारण विमानतळावर ती अडवली जातात.

निघण्याच्या आदल्या सायंकाळी उरलेले सोम संपवावेत, कारण भारतात ते कोणी बदलून देत नाही. माझा शेवटचा खर्च ठरलेला असतो : चोर्सूच्या नानबाईकडून चार नान घ्यायचे, गार होईपर्यंत तिथेच चहा प्यायचा, मग पंचात गुंडाळून हातातल्या पिशवीत आडवे ठेवायचे. घरी पोहोचल्यावर पाण्याचा हबका मारून तव्यावर झाकण ठेवून गरम केले, की दोन दिवस तरी ते चांगले राहतात.